सुट्या पैशांची टंचाई व खाजगी नाणीं

'त्याच्या नांवाला बट्टा लागला', 'हें नाणें खणखणीत आहे', 'त्याची किंमत कवडीचीहि नाहीं', हे शब्दप्रयोग आपल्या घरांत नित्य ऐकूं येतात. परंतु ज्या व्यवहारांतून ते निघाले तो व्यवहार आतां बहुतेकांच्या दृष्टीआड झाला आहे. बट्टा म्हणजे सराफानें नाणें मोडून देतांना कापून घेतलेली रक्कम. जें नाणें हलकें, झिजलेलें किंवा परक्या टांकसाळीचें, त्याला बट्टा अधिक. आणि ज्याला बट्टा लागतो तें कमी प्रतीचें, हा अर्थ पुढें माणसांच्या नांवालाहि चिकटला. या लेखांत आम्ही ज्या प्रश्नाची हकीकत सांगणार आहों तो वरवर पाहतां क्षुल्लक दिसतो, पण त्यानें गरीब माणसाच्या पोटाला अनेक शतकें चिमटा घेतला आहे. राजानें सुटे पैसे पुरेसे पाडले नाहींत तर बाजार कसा चालतो? ते पैसे मग कोण पाडतो? आणि त्यांतील तूट कोणाच्या पदरांत पडते?

प्रथम टंचाई कां पडते तें पाहूं. पूर्वीं नाणीं हातानें पाडीत. तांब्याचा गज तापवून त्याचे तुकडे तोडावयाचे, ते ठोकून चपटे करावयाचे, मग एक ठसा खालीं व एक वर धरून मधल्या चकतीवर हातोड्याचा घाव घालावयाचा. एक रुपया पाडण्यास जितके श्रम लागत तितकेच एका पैशास लागत. पण रुपयाच्या मोलाचे पैसे पाडावयाचे म्हणजे साठ-सत्तर चकत्या कराव्या लागत! टांकसाळवाल्यास रुप्यावर जो नफा एका घावांत मिळे तो तांब्यावर साठ घावांतहि मिळत नसे. शिवाय तांबें जड. हजार रुपयांची थैली एका तट्टावर जाते. तेवढ्याच किंमतीचे पैसे न्यावयाचे तर बैलांचा तांडाच जोडावा लागतो. सरकारचा वसूल, लष्कराचा पगार, मोठ्या पेढ्यांचा व्यवहार हीं सारीं रुप्यांत किंवा सोन्यांत चालत. तांब्यावांचून अडत असे तें भाजी, मीठ, तेल विकत घेणाराचें आणि रोजच्या मजुरीवर जगणाराचें. अशा माणसाच्या अडचणीकडे कोणत्याहि देशांतील राजांनीं फारसें लक्ष दिलेलें नाहीं. पैशाच्याहि खालीं उतरावयाचें तर आपल्याकडे कवड्या चालत, आणि सुरतेच्या बाजूस तर इराणांतून येणारे कडू बदाम मोडीसाठीं वापरीत असत, असें सतराव्या शतकांतील परदेशी प्रवाशांनीं लिहून ठेविलें आहे. कडू बदाम कां, तर ते कोणी खात नाहीं म्हणून! चलनासाठीं याहून चोख वस्तु शोधून काढणें कठीण.

इ. स. १६७४ मध्यें रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हां शिवाजी महाराजांनीं सोन्याचा होन व तांब्याची शिवराई अशीं दोन नाणीं पाडविलीं. शिवराईच्या एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस दोन ओळींत 'छत्र पति' अशीं अक्षरें असून भोंवतीं ठिपक्यांचें वर्तुळ असतें. सभोंवार सर्वत्र फारसी अक्षरांचीं नाणीं चालत असतां सामान्य रयतेच्या हातीं रोज पडणाऱ्या पैशावर देवनागरी अक्षर उमटलें, ही गोष्ट लहान नव्हे. पण आमच्या विषयाला महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. महाराजांच्या पश्चात् हीच शिवराई, हींच अक्षरें घेऊन, छत्रपतींच्या व पेशव्यांच्या अमदानींत शंभरांहून अधिक वर्षें पडत राहिली, आणि ती पाडणारे पुष्कळदां सरकारचे नोकर नसून मक्तेदार होते.

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं पेशवे दप्तरांतील नोंदी पाहून मराठेशाहींतील नाणीं व टांकसाळी यांवर एक निबंध लिहिला आहे. त्यांत इ. स. १७४४ च्या सुमारास नागोठणें व रेवदंडा येथील खाजगी माणसांस तांब्याचे पैसे पाडण्याचे परवाने दिल्याचा उल्लेख येतो. परवाना मुदतीचा असे, त्याबद्दल सरकारास ठराविक रक्कम भरावी लागे, आणि पैसा अमुक वजनाचा असलाच पाहिजे अशी अट असे. हीं दोन्ही गांवें आमच्या मुळशीच्या घाटमाथ्यावरून खालीं उतरलें म्हणजे जें कोंकण लागतें त्या बाजूचीं. नागोठणें आंबा नदीच्या खाडीवर, तर रेवदंडा कुंडलिकेच्या मुखाशीं. टांकसाळी बंदरावरच कां निघाल्या याचें कारण आमच्या मतें उघड आहे. महाराष्ट्रांत तांब्याच्या खाणी नव्हत्या. तांबें जहाजांतून येई. जपानचें तांबें डच व्यापारी पश्चिम किनाऱ्यावर आणून विकीत, व पुढें इंग्लंडांतील तांबें ईस्ट इंडिया कंपनी आणूं लागली. जेथें माल उतरतो तेथेंच त्याचे पैसे पाडले तर एक भाडें वांचतें.

मक्तेदारानें ठसे करविले ते बहुधा गांवच्या सोनाराकडून. सोनाराचा हात सफाईचा, पण त्याला अक्षरओळख असेलच असें नाहीं; तो जुन्या पैशावर पाहून नवा ठसा कोरी. म्हणून शिवराईवर 'छत्रपति' हा शब्द किती तऱ्हांनीं लिहिला आहे तें पाहिलें तर आमच्या शाळेंतील शुद्धलेखनाच्या वह्या बऱ्या, असें शिक्षकांनाहि वाटेल. कोठें वेलांटी उलटी, कोठें अक्षरच गळालेलें, कोठें दोन ओळींची अदलाबदल. ठसा चकतीपेक्षां मोठा असल्यामुळें पुरतीं अक्षरें एका नाण्यावर कचितच सांपडतात. पण ज्याला वाचतांच येत नव्हतें त्या गिऱ्हाइकाचें यांत काय अडणार? तो हातांत घेऊन वजन अजमावी, दगडावर वाजवून पाही, आणि घेई. पैशाचें मोल त्याच्या तांब्यांत होतें. अक्षरें ही केवळ ओळख होती.

येथें अडचण अशी कीं, वजनाची अट कागदावर राहते आणि मक्त्याची रक्कम मात्र खरोखरीच भरावी लागते. दहा माशांचा पैसा नऊ माशांचा केला तर दर दहा पैशांमागें एक पैसा मक्तेदाराच्या घरांत राहतो. परवाना घेतलेला मक्तेदार जर असा मोह धरतो, तर परवान्याशिवाय पाडणाराची गोष्टच नको. कर्नाटक प्रांतांत जमीनदारांनीं आपापल्या टांकसाळी घालून हलकीं नाणीं इतकीं पसरविलीं कीं, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पेशव्यांच्या सरकारानें त्या अनेक टांकसाळी मोडून धारवाडास एकच टांकसाळ ठेवण्याचा हुकूम काढला. रुपयाचीहि तीच गत होती: पुण्याचा अंकुशी, हाली सिक्का, चांदवडचा चांदवडी, अशीं निरनिराळ्या ठिकाणचीं नाणीं एकाच बाजारांत फिरत आणि प्रत्येकाचा भाव निराळा असे.

या घोंटाळ्यांत सामान्य माणसाचें काय होई तें समजण्यासाठीं एक हिशेब करूं. आंकडे आम्हीं सोपे घेतले आहेत. रीत मात्र खरी आहे. समजा, पौड खोऱ्यांतील एक कुणबी आंबेमोहर तांदूळ घेऊन पुण्याच्या बाजारांत आला. किरकोळ गिऱ्हाइकांस विकतां विकतां त्याच्याजवळ १,४०० पैसे जमले. सरकारचा सारा रुपयांत भरावयाचा म्हणून तो सराफाकडे गेला. ज्या दिवसांत वसूल चालू असतो त्या दिवसांत रुपयाला मागणी फार, म्हणून सराफानें भाव सांगितला: एका रुपयास ७० पैसे. कुणब्याच्या पदरांत २० रुपये पडले. चार महिन्यांनीं, पेरणीच्या वेळीं, त्याच कुणब्यास मजूर लावावयाचे आहेत. मजुरी पैशांत द्यावयाची. आतां सुटे पैसे दुर्मिळ, म्हणून सराफ म्हणतो: एका रुपयास ६० पैसे. तेच २० रुपये त्यानें परत मोडले तर हातीं १,२०० पैसे येतात. दोनशें पैसे गेले कोठें? चोरी झाली नाहीं, पीक बुडालें नाहीं, कोणी लबाडी केली असेंहि म्हणतां येत नाहीं; केवळ तांब्यावरून रुप्यावर आणि रुप्यावरून पुन्हां तांब्यावर जाण्यांत त्याचा सातवा हिस्सा गळून गेला. ज्याचा सर्व व्यवहार रुपयांत आहे त्याला हा घाटा कधींच सोसावा लागत नाहीं. सुट्या पैशाची टंचाई ही श्रीमंताची गैरसोय व गरिबाचें नुकसान आहे, असें आम्ही म्हणतों तें याच अर्थानें.

हें सर्व केवळ आपल्याच देशांत होतें अशी कोणी समजूत करून घेऊं नये. ज्या इंग्रजांनीं पुढें आपल्याकडे यंत्रानें पाडलेलीं नाणीं आणलीं त्यांच्याच घरीं याहून मोठा गोंधळ होता. राजा व पार्लमेंट यांच्या युद्धानंतर तेथें सरकारी सुटें नाणें जवळजवळ नाहींसें झालें, तेव्हां १६४९ पासून १६७२ पर्यंत तेथील खानावळवाले, वाणी, मेणबत्त्या विकणारे यांनीं आपापल्या नांवाचे तांब्यापितळेचे लहान बिल्ले पाडले. यांनाच टोकन असें म्हणतात. त्यांचे दहा हजारांहून अधिक प्रकार आज माहीत आहेत. मोड द्यावयाची तर वाणी आपला बिल्ला देई. पुष्कळ जमले म्हणजे ते परत नेऊन त्याच्याकडून चांदीचें नाणें घ्यावयाचें. अर्थात् दुसऱ्या गल्लींत त्या बिल्ल्याला कोणी विचारीत नसे. १६७२ मध्यें दुसऱ्या चार्लस राजानें तांब्याचीं सरकारी नाणीं काढून हे बिल्ले बंद केले.

परंतु शंभर वर्षांनीं तोच प्रसंग पुन्हां आला, आणि या वेळीं कारखान्यांमुळें अधिक बिकट झाला. शेंकडों मजूर एके ठिकाणीं काम करतात, शनिवारीं त्यांस पगार द्यावयाचा, आणि सरकारी टांकसाळ तर १७७५ नंतर तांबें पाडीतच नाहीं! बाजारांत होते ते बहुतेक खोटे पैसे. १७८७ मध्यें टांकसाळीनें तपासणी केली तेव्हां चालू अर्ध्या पेन्यांपैकीं शेंकडा आठच काय ते सरकारी नाण्याशीं बऱ्यापैकीं जुळणारे आढळले. त्याच वर्षीं वेल्सजवळील अँगलसी बेटांतील पॅरिस नांवाच्या तांब्याच्या खाणीच्या कंपनीनें स्वतःची पेनी काढली. वजन सुमारें एक औंस, तांबें चोख, एका बाजूस डोक्यावरून वस्त्र घेतलेला प्राचीन ड्रुइड पुरोहित. आणि दुसऱ्या बाजूस व कडेवर शब्द असे कीं, हें नाणें आणणारास मागतांच लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी येथें एक पेनी देण्याचें आम्ही वचन देतों. लोकांनीं तें नाणें हातोहात उचललें. जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदारानें तर आपल्या बिल्ल्यावर राजाच्या जागीं स्वतःचेंच चित्र कोरविलें. त्यावरून त्याची थट्टाहि बरीच झाली.

आतां शिवराई व हे बिल्ले यांतील भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. शिवराई वजनावर चालत होती. कोणी पाडली याची चौकशी न करतां ती कोंकणांतून घाटावर व घाटावरून आणखी पलीकडे जाऊं शके. इंग्लंडांतील बिल्ला वचनावर चालत होता. वजनाचें नाणें हलकें झालें तर हातास कळतें; वचन हलकें झालें तर तें मोडावयास गेल्याशिवाय कळत नाहीं. पॅरिस कंपनीसारख्यांनीं तांबेंहि पुरें दिलें व वचनहि पाळलें, परंतु त्यांचें पाहून ज्यांनीं पातळ बिल्ले काढले त्यांतील पुष्कळांवर कोणाचें नांव नव्हतें, मग मागावयाचें कोणापाशीं? याहून वाईट प्रकार असा कीं, कांहीं मालक पगार अशा बिल्ल्यांत देत जे त्यांच्याच दुकानांत चालत. दुकानांतला भाव मालक ठरवी. मजुराच्या हातांत पैसा आला असें दिसे, पण त्यानें पिठाचें दुकान बदलावयाचें म्हटलें तर तो पैसा नुसता धातूचा तुकडा होई. अशी मजुरी देणें बंद करण्यासाठीं १८३१ मध्यें तेथें कायदा करावा लागला. आसामांतील चहाच्या मळ्यांवरहि मालकांचे असे बिल्ले पुष्कळ वर्षें चालत होते, आणि ते घेणारा मजूर आपल्या मुलखापासून शेंकडों कोस दूर होता हें लक्षांत घेतलें म्हणजे त्याची लाचारी आणखी स्पष्ट होते.

या गोंधळांतून वाट काढणारा मनुष्य बर्मिंगहॅमचा मॅथ्यू बोल्टन. जेम्स वॉटच्या वाफेच्या यंत्राचा तो भागीदार. त्यानें सोहो येथील आपल्या कारखान्यांत वाफेच्या बळानें नाणीं पाडण्याचीं यंत्रें बसविलीं, आणि चकती गोल, कड सारखी, अक्षर पुरतें, अशीं नाणीं झपाट्यानें पडूं लागलीं. विलक्षण गोष्ट ही कीं, इंग्लंडच्या सरकारानें त्यास तांब्याचें काम १७९७ पर्यंत दिलें नाहीं. त्याच्या सहा वर्षें आधीं, १७९१ मध्यें, ईस्ट इंडिया कंपनीनें मुंबई इलाख्यासाठीं त्याच्याकडून पैसे पाडवून जहाजानें आणविले. त्या पैशाच्या एका बाजूस कंपनीच्या गठ्ठ्यांवरील खूण, व दुसऱ्या बाजूस तराजू आणि त्याखालीं 'अदल', म्हणजे न्याय, हा शब्द अरबी लिपींत होता. लंडनच्या वाण्यास धड अर्धी पेनी मिळत नव्हती त्या दिवसांत मुंबईच्या वाण्याच्या गल्ल्यांत सोहोचा गुळगुळीत पैसा पडत होता!

१७९७ मध्यें इंग्लंडसाठीं बोल्टननें जी पेनी पाडली ती बरोबर एक औंस वजनाची होती व दोन पेनीचें नाणें दोन औंसांचें. लोकांचा विश्वास बसावा म्हणून तांबें मोलाइतकें घातलें. परंतु थोड्याच वर्षांत तांब्याचा भाव चढला, आणि तींच नाणीं वितळवून विकणें किफायतीचें झालें. पुढचीं नाणीं त्यास हलकीं करावीं लागलीं. हा धडा शिवराईलाहि लागू आहे. पुण्याच्या तांबट आळींत हंडे-घागरींस तांबें महाग पडूं लागलें कीं पैशाची घागर होणें अटळच. नाण्यांत धातु पुरा घालावा तर तें मुशींत जातें. कमी घालावा तर तें खोटें पाडणाराचें फावतें. यंत्रानें दुसरी अडचण पुष्कळ कमी केली, कारण सोहोसारखें नाणें चुलीजवळ बसून पाडतां येत नाहीं. इंग्लंडांत १८११ नंतर खाजगी बिल्ल्यांची आणखी एक लाट आली; १८१७ च्या कायद्यानें ती ओसरली.

आपल्याकडे १८३५ मध्यें कंपनीनें सर्व मुलखासाठीं एकच रुपया ठरविला आणि त्याचे सोळा आणे, चौसष्ट पैसे व एकशें ब्याण्णव पै हें कोष्टक कायम केलें. म्हणजे वर सांगितलेल्या कुणब्याचे दोनशें पैसे वांचविण्याची तजवीज कागदावर तरी झाली. तथापि कागदावरील नाणें खेड्यांत पोंचण्यास वेळ लागतो. शिवराई आणि तिचा थोरला भाऊ जो ढब्बू पैसा, हीं दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दक्षिणेंतील बाजारांत फिरत होतीं. १८८९ मध्यें मात्र सरकारानें धातूच्या बिल्ल्यांविषयींचा कायदा करून, पैसा म्हणून चालविण्यासाठीं खाजगी मनुष्यानें धातूचे तुकडे पाडणें किंवा देणें हा गुन्हा ठरविला. हा कायदा सव्वाशें वर्षांच्या आसपास टिकला. २०११ च्या नाणेविषयक कायद्यांत तो विलीन झाला.

दुसऱ्या महायुद्धांत हा विषय पुन्हां घरोघर आला. भाव चढले, धातु लष्कराकडे वळला, लोकांनीं नाणीं दडविलीं. १९४० मध्यें सरकारानें गरजेहून अधिक नाणीं साठविणें गुन्हा ठरविलें, तरी मोड मिळेना. काठियावाडांतील संस्थानांनीं पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या काढल्या. कित्येक दुकानदार मोडीच्या ऐवजीं पोस्टाचीं तिकिटें किंवा आपल्या सहीचे कागद देऊं लागले. १९४३ मध्यें सरकारानें पैशाच्या मधोमध भोंक पाडून त्याचें वजन निम्म्याहून कमी केलें, तोच 'भोकाचा पैसा'. मुलांनीं तो दोऱ्यांत ओंवून गळ्यांत घातला, आणि कांहीं कारागिरांनीं त्याचा वायसर म्हणून उपयोग केला असें ऐकण्यांत आहे. त्यानंतर सुट्या पैशांची तक्रार कधीं पुरती मिटली असें नाहीं. नाण्यांचा साठा करणाऱ्यांस व तीं वितळविणाऱ्यांस शासन करण्यासाठीं १९७१ मध्यें पुन्हां निराळा कायदा झाला. आणि अगदीं अलीकडे, दोन रुपयांची मोड नाहीं म्हणून दुकानदारानें हातावर चॉकलेट ठेविलें हा अनुभव आमच्या वाचकांतील कोणास नसेल? तें चॉकलेट त्याच दुकानदारास परत देऊन पाहावें, म्हणजे वजनाचें नाणें, वचनाचें नाणें आणि नुसती गोळी यांतला भेद तत्काळ समजतो.

मुळशींत काय किंवा इतर मावळांत काय, पुष्कळ घरांच्या देव्हाऱ्यांत एखादा जुना तांब्याचा पैसा असतोच. तो शिवराई आहे कीं काय, हें ओळखण्यास तिरप्या उजेडांत धरावा आणि ठिपक्यांच्या कडेच्या आंत 'श्री', 'राजा' किंवा 'छत्र' यांपैकीं एखादें अक्षर दिसतें का पाहावें. मधोमध दोन आडव्या रेघा दिसल्या तर ती दुदांडी शिवराई. ती बहुधा उत्तर काळांतील. असा पैसा चिंचेनें किंवा राखेनें कधींहि घासूं नये. त्यानें तांबें चकाकतें खरें, पण उरलींसुरलीं अक्षरें जातात, आणि ज्या मक्तेदाराच्या टांकसाळींतून तो आला ती ओळखण्याचें साधन तेवढेंच असतें. शेतांत नांगरतांना असा ठेवा सांपडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणें, दहा रुपयांहून अधिक किंमतीचा असल्यास, त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.